पन्नीला भाव

विदर्भात प्लास्टिकच्या पिशवीला पन्नी म्हणतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या कोणत्याही पानठेल्यावर खर्रा घोटला जातो तो पन्नीतच. सुपारी, तंबाखू आणि चुना पातळ पन्नीच्या तुकड्यात घ्यायचा, दाबून रगडायचा आणि त्याच पन्नीची पुडी बांधून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. खर्रा संपला की पन्नी ठेल्यापुढे पडते. शेजारी पडलेली पाण्याची बाटली संध्याकाळपर्यंत कोणीतरी उचलून नेते, कारण बाटलीला भंगारात भाव आहे. पन्नीला कोणी हात लावत नाही. ती इतकी हलकी की पोतेभर गोळा करण्यात दिवस जाईल आणि तराजूचा काटा जेमतेम हलेल. त्यात पुन्हा चुना-तंबाखूने माखलेली. वजन नाही म्हणून भाव नाही, भाव नाही म्हणून उचलणारा हात नाही, आणि मग पहिल्या पावसात ती नालीत जाते. समुद्रातल्या प्लास्टिकवर काम करणाऱ्या तरुण उद्योजकांविषयीच्या या पुस्तकाची प्रस्तावना पानठेल्यापासून सुरू करण्याचे कारण हेच आहे. समुद्राच्या वाट्याला जे प्लास्टिक येते ते मुख्यतः बाजाराने नाकारलेले असते. ते थांबवायचे तर त्याला भाव मिळवून द्यावा लागेल, आणि तोही ते हातातून सुटते त्याच गावात. एवढेच मला इथे मांडायचे आहे.

यवतमाळपासून कोणताही समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरी या जिल्ह्याचे समुद्राशी नाते जुने आहे. यवतमाळ–मूर्तिजापूर मार्गावरच्या शकुंतला रेल्वेने इथला कापूस मुंबई बंदराच्या वाटेला लागे आणि तिथून इंग्लंडच्या गिरण्यांत जाई. पाण्याचे नाते तर त्याहून जुने. पुसदची पूस, दिग्रसची अरुणावती, अडाण, बेंबळा अशा जिल्ह्यातल्या साऱ्या नद्या शेवटी पैनगंगेला किंवा वर्धेला मिळतात. वणी तालुक्यात जुगादजवळ पैनगंगा वर्धेत मिसळते, पुढे वर्धा आणि वैनगंगा यांची प्राणहिता होते, सिरोंच्याजवळ प्राणहिता गोदावरीला मिळते आणि राजमहेंद्रीखालचा धवळेश्वरचा बंधारा ओलांडून ते पाणी बंगालच्या उपसागरात उतरते. म्हणजे यवतमाळचा समुद्र आंध्रात आहे, कोरिंगाच्या खारफुटीपाशी. मराठीत समुद्र म्हटला की कोकण डोळ्यांपुढे येते आणि हा प्रश्न आपला नव्हेच असे विदर्भाला वाटते. नदीचा नकाशा नीट पाहिला की हा समज टिकत नाही.

यावर एक रास्त आक्षेप घेता येतो. नद्यांतून समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकचा एक मोठा अभ्यास २०२१ साली ‘सायन्स ॲडव्हान्सेस’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अशा प्लास्टिकपैकी सुमारे ८० टक्के भार जगातल्या हजाराहून अधिक नद्या मिळून वाहतात आणि त्यात किनाऱ्यालगतच्या शहरांतून वाहणाऱ्या लहान नद्यांचा वाटा मोठा असतो, असा त्याचा निष्कर्ष होता. मुंबई परिसरातली उल्हास नदी त्या यादीत फार वर होती. मग समुद्रापासून इतक्या दूरच्या जिल्ह्याला या प्रश्नात ओढायचे कशाला? आक्षेपातले तथ्य मान्य केले पाहिजे. पैनगंगेतली पन्नी काठावरच्या बाभळीत अडकते, बंधाऱ्याच्या गाळात बसते. ती समुद्रापर्यंत सरळ पोहोचण्याची शक्यता थोडी. पण अडकलेली पन्नी संपलेली नसते. उन्हाने ती ठिसूळ होते, तिचे बारीक तुकडे पडतात आणि ते मातीत, पुराच्या पाण्यात, जनावरांच्या पोटात जातात. शिवाय उल्हास नदीत पडणारी पन्नी आणि अरुणावतीत पडणारी पन्नी एकाच कारणाने पडते. कारण एक असेल तर उपायाची रीतही एकच असणार. किनाऱ्यावर हा प्रश्न आधी डोळ्यांत भरला, म्हणून त्यावरचे प्रयोगही तिथे आधी झाले. आतल्या जिल्ह्यांनी ते वाचायचे ते आपल्या कामासाठी.

प्लास्टिकचा इतिहास लहान आहे. लिओ बेकलंडने १९०७ साली बेकेलाइट तयार केले, पॉलिथिन १९३३ साली हाती आले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ही सामग्री घराघरांत पोहोचली. कोकणातल्या कोळ्यांची जाळी तोवर सुताची आणि तागाची असत. फाटली तरी ती कुजून मातीला मिळत. त्यांची जागा नायलॉनने घेतली, आणि समुद्रात सुटलेले नायलॉनचे जाळे धनी नसतानाही मासे आणि कासवे पकडत राहते. १९९७ साली चार्ल्स मूर या खलाशाने प्रशांत महासागरातल्या तरंगत्या कचऱ्याकडे जगाचे लक्ष वेधले. २००४ साली ब्रिटिश शास्त्रज्ञ रिचर्ड थॉम्पसन यांनी वाळूत मिसळलेल्या सूक्ष्म कणांवर लेख लिहिला आणि ‘मायक्रोप्लास्टिक’ हा शब्द रूढ झाला. २०१५ पर्यंत माणसाने ८३० कोटी टन प्लास्टिक बनवले आणि त्यातून झालेल्या कचऱ्यापैकी जेमतेम ९ टक्क्यांचा पुनर्वापर झाला, असा हिशेब २०१७ साली मांडला गेला. भारताचे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अहवालात २०२०-२१ या वर्षातला देशाचा प्लास्टिक कचरा सुमारे ४१ लाख टन आहे. ‘नेचर’ नियतकालिकातल्या २०२४ च्या अभ्यासानुसार भारतात दरवर्षी ९३ लाख टन प्लास्टिक उघड्यावर सुटते आणि त्यातले निम्म्याहून अधिक जाळले जाते. दोन्हींच्या मोजण्याच्या पद्धती वेगळ्या आहेत, पण फरक एवढा मोठा आहे की कागदावर न येणारा कचराच अधिक, असे मानायला जागा आहे. ज्या कचऱ्याला भाव नाही त्याची पावतीही फाटत नाही.

या क्षेत्रात आज चार-पाच विचारप्रवाह दिसतात. पहिला श्रमदानाचा. ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह या तरुण वकिलाने एका वृद्ध शेजाऱ्याला सोबत घेऊन मुंबईच्या वर्सोवा किनाऱ्यावरचा कचरा उचलायला सुरुवात केली. आठवड्यामागून आठवडे माणसे जोडली गेली, लक्षावधी किलो कचरा हलला, २०१६ साली संयुक्त राष्ट्रांचा ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ हा सन्मान मिळाला आणि २०१८ साली त्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले दिसली. या कामाने शहराला लाज आणि आशा दोन्ही दिल्या. त्याची मर्यादा मात्र दर भरतीला दिसते. मुंबई आणि पालघरच्या किनाऱ्यावर कोळी डोल जाळे लावतात, म्हणजे ओहोटी-भरतीच्या प्रवाहात तोंड उघडे ठेवून बांधलेली लांब पिशवी. प्रवाह जे आणील ते तिच्यात शिरते. जाळे होडीत ओढले की बोंबील आणि जवळ्याबरोबर पिशव्या, वेष्टने, चिंध्या बाहेर पडतात. ते निवडण्यात बायकामाणसांचा वेळ जातो आणि त्या वेळेचे मोल कोणी देत नाही. केरळने २०१७ साली कोल्लम जिल्ह्यातल्या नींदकरा बंदरावर ‘शुचित्व सागरम’ हा प्रकल्प सुरू केला. जाळ्यात आलेले प्लास्टिक पाण्यात परत न टाकता बंदरावर आणायचे, स्त्रिया ते धुऊन निवडणार, मग त्याचा चुरा होऊन रस्त्याच्या डांबरात जाणार. इथे श्रमदानाला पहिल्यांदा रोजगाराची जोड मिळाली.

दुसरा प्रवाह अडवण्याचा. बोयान स्लॅट या डच तरुणाने अठराव्या वर्षी, २०१३ साली, ‘द ओशन क्लीनअप’ ही संस्था काढली. आधी महासागराच्या मधोमध कचरा गोळा करायचा बेत होता. अनुभवाने संस्था नद्यांच्या मुखाशी कचरा अडवणाऱ्या यंत्रांकडेही वळली. आपल्याकडे ‘अल्फामर्स’ या कंपनीने नदीत तिरपे तरंगते अडसर बसवले. प्रवाहाच्याच जोराने कचरा काठाला येतो. चेन्नईच्या कूवम नदीत हे अडसर वापरले गेले. समुद्रातून नदीकडे झालेला हा सरकाव फार बोलका आहे. जो कोणी या कामात टिकला तो पाण्याच्या उलट दिशेने वर चढत गेला. त्याच वाटेने आणखी वर गेले तर आपण नालीपाशी, मग ठेल्यापाशी येतो.

तिसरा प्रवाह कारखानदारीचा, आणि तरुण उद्योजक सर्वाधिक इथेच आहेत. पुण्यात मेधा ताडपत्रीकर आणि शिरीष फडतरे यांच्या ‘रुद्र’ने टाकाऊ प्लास्टिकपासून इंधन काढले. अमिता देशपांडे यांच्या ‘रिचरखा’त धुतलेल्या पिशव्यांच्या पट्ट्या कापतात, त्या चरख्यावर गुंडाळतात आणि हातमागावर त्यांचे कापड विणतात. कापसाच्या जिल्ह्यातल्या वाचकाला यातली प्रत्येक हालचाल ओळखीची वाटेल. पेळूच्या जागी तेवढी पन्नीची पट्टी आली आहे. अनीश मालपाणी यांच्या ‘आशया’ने २०२३ साली चिप्सच्या पाकिटांपासून गॉगल बनवून दाखवले. चिप्सचे पाकीट म्हणजे प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे एकमेकांना चिकटलेले थर. हे थर सहज सुटत नाहीत, म्हणून भंगारवाला ते घेत नाही. जे कोणी घेत नाही त्यातून विकाऊ वस्तू काढणे, हे या तिन्ही उद्योगांचे मर्म आहे. मर्यादाही उघड आहे. शहरातला सुखवस्तू ग्राहक एक पिशवी, एक गॉगल घेईल. रोज पडणाऱ्या कचऱ्याच्या मानाने हे प्रमाण फार लहान राहते.

चौथा प्रवाह कष्टकऱ्यांचा. बाबा आढाव यांच्या पाठबळाने १९९३ साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि तिच्यातून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था निघाली. कचरा दारातूनच वेगळा घ्यायचा, त्या सेवेचा मोबदला घरटी मिळवायचा आणि विकाऊ माल वेचणाऱ्याच्या मालकीचा, अशी तिची घडी. पाचवा प्रवाह नगरपालिकेचा, आणि त्याचे उत्तम उदाहरण किनाऱ्यावरच्याच वेंगुर्ल्याचे. मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात तिथल्या घरांनी कचरा वेगवेगळा द्यायला सुरुवात केली, प्लास्टिकचा चुरा रस्त्याला वापरला गेला आणि कचरा डेपोच्या जागी लोक मुद्दाम पाहायला येऊ लागले. यंत्रे तिथे साधीच होती. फरक पडला तो ओले आणि सुके घरातच वेगळे झाल्यामुळे. भाताच्या शितांनी माखलेल्या पन्नीला कोणतीच फॅक्टरी भाव देऊ शकत नाही. धुतलेल्या, सुकवलेल्या, एकजिनसी पन्नीला देऊ शकते. भावाची सुरुवात स्वयंपाकघरात होते.

या साऱ्या प्रवाहांना बांधणारा धागा कायद्याचा आहे. २६ जुलै २००५ च्या मुंबईतल्या महापुरात पिशव्यांनी तुंबलेली गटारे साऱ्या राज्याने पाहिली आणि पुढच्याच वर्षी महाराष्ट्राने अविघटनशील कचऱ्याचा कायदा केला. २३ मार्च २०१८ ला राज्याने प्लास्टिक आणि थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी आणली. १ जुलै २०२२ पासून देशभर काही एकवापर वस्तू बंद झाल्या. बंदीची चर्चा खूप झाली, पण २०१८ च्याच अधिसूचनेतली दुसरी तरतूद विस्मरणात गेली: दुधाची पिशवी परत आणणाऱ्याला किमान ५० पैसे देण्याची. ती व्यवहारात फारशी उतरली नाही, पण तिच्यामागचा विचार मोलाचा होता. त्याच विचाराने जर्मनीत पेयांच्या एकवापर बाटल्यांवर २००३ पासून सक्तीची अनामत आहे. गोव्याने २०२४ साली अनामत-परतावा योजना अधिसूचित केली. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राने उत्पादकांच्या विस्तारित जबाबदारीचे नियम दिले. जी कंपनी वेष्टन बाजारात आणते तिने तेवढ्या कचऱ्याच्या विल्हेवाटीचा खर्च उचलायचा आणि पुनर्वापर करणाऱ्याकडून तशी प्रमाणपत्रे घ्यायची. यात खोट्या प्रमाणपत्रांची प्रकरणे उघडकीस आली, हे खरे. तरी तत्त्व पक्के आहे, आणि यवतमाळच्या शेतकऱ्याला ते समजावून सांगावे लागणार नाही. बाजार पडला तरी कापसाला एका किमतीखाली जाऊ द्यायचे नाही, याला तो हमीभाव म्हणतो. पन्नीलाही असा हमीभाव हवा आहे, आणि त्याचा पैसा पन्नी बनवणाऱ्याच्या खिशातून यायला हवा.

या मांडणीवर सर्वांत गंभीर आक्षेप असा, की कचऱ्याला भाव दिला तर कचऱ्यावर जगणारा उद्योग उभा राहील आणि मग कचरा कमी व्हावा असे कोणालाच वाटणार नाही. ही भीती निराधार नाही. इंधन काढणारी भट्टी किंवा प्लास्टिक जाळणारी सिमेंटची भट्टी एकदा उभी राहिली की तिला रोज माल लागतो. झरी जामणी तालुक्यातल्या मुकुटबनला सिमेंटचा कारखाना आहे, शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात तर अनेक आहेत, तेव्हा हा प्रश्न इथे दूरचा राहिलेला नाही. माझे उत्तर असे की भाव कोण भरतो यावर सारे अवलंबून आहे. तो करातून भरला तर कंपनीला वेष्टन बदलण्याचे कारण उरत नाही. तो कंपनीने भरला तर थरांचे, न सुटणारे पाकीट महाग पडू लागते आणि साधे, पुन्हा वापरता येणारे वेष्टन स्वस्त ठरते. म्हणजे नीट लावलेला भाव कचरा कमीच करतो. भट्टीला शेवटचा मान द्यावा: जे परत वापरता येत नाही, विणता येत नाही, वितळवून दाणा करता येत नाही, तेवढेच तिच्यात जावे.

दुसरा आक्षेप असा, की हे काम सरकारचे आणि कंपन्यांचे. ते तरुणांच्या उत्साहावर का लादायचे? नियम सरकारने करायचे आणि पैसा कंपनीने द्यायचा, हे मलाही मान्य आहे. पण दिल्लीत निघालेले प्रमाणपत्र दारव्ह्याच्या आठवडी बाजारातली पन्नी उचलत नाही. बाजार उठल्यावर ती गोळा करणारा, धुणारा, वाळवणारा, गठ्ठे बांधणारा आणि ट्रक भरेपर्यंत माल साठवणारा माणूस तालुक्यातच लागतो. हलक्या मालाचा वाहतूक खर्च हीच या धंद्याची मुख्य अडचण आहे. गठ्ठा दाबला नाही तर ट्रक हवाच वाहतो. ही अडचण सोडवणारा तरुण खरा उद्योजक, मग त्याच्याकडे एकही नवा शोध नसो. एक अट मात्र त्याने पाळलीच पाहिजे. आज हा कचरा वेचणाऱ्या बाया आणि गल्लोगल्ली फिरणारे भंगारवाले त्याच्या आधीपासून या धंद्यात आहेत. त्यांना बाजूला सारून उभा राहिलेला स्टार्टअप नदी साफ करील आणि वस्तीची चूल विझवील. त्यांना भागीदार केले पाहिजे.

यवतमाळला या विषयात स्वतःचे असे एक प्रकरण लिहावे लागेल, आणि ते शेतातल्या प्लास्टिकचे. ठिबकची जुनी नळी भंगारात जाते, कारण तिला वजन आहे. मल्चिंगचा पातळ प्लास्टिकचा कागद हंगामानंतर मातीने जड होऊन फाटतो आणि बांधावर पडून राहतो किंवा तिथेच पेटवला जातो. कीटकनाशकाच्या रिकाम्या बाटलीचा प्रश्न त्याहून कठीण. २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने या जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे दगावली. तेच विष बाटलीच्या तळाशी उरते आणि बाटली नाल्याकाठी पडते. ती घरगुती कचऱ्यात मिसळायची नाही, भंगारातही द्यायची नाही. विकणाऱ्या दुकानानेच ती परत घ्यावी आणि कंपनीने सुरक्षितपणे न्यावी, अशी साखळी लागेल. अनामतीची रीत इथे सर्वांत आधी लागू करण्यासारखी आहे. असे काम किनाऱ्यावरचा कोणी येऊन करणार नाही. त्याला हंगाम, कृषी केंद्र आणि उधारीचे व्यवहार जाणणारा इथलाच तरुण हवा.

हे आत्ताच का, याचेही उत्तर द्यायला हवे. प्लास्टिकवर बंधनकारक जागतिक करार करायचे संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेने मार्च २०२२ मध्ये नैरोबीत ठरवले. त्यानंतर २०२४ साली बुसानला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हाला वाटाघाटी तडजोडीविना संपल्या. वाद मुख्यतः उत्पादनावर मर्यादा घालण्याचा होता. वरून येणारे उत्तर लांबले की खालच्या प्रयोगांचे महत्त्व वाढते, कारण उद्या करार झाला तरी तो राबवायचा कसा हे त्यांतूनच शिकावे लागेल. त्याच दृष्टीने हे पुस्तक उद्योजकांच्या कामाकडे पाहते. त्यात यशाच्या कहाण्या रंगवलेल्या नाहीत. कोणते प्लास्टिक उचलले जाते, त्याचा खर्च कोण भरते, उचलल्यानंतर ते शेवटी कुठे जाते आणि त्यात राबणाऱ्या हातांना काय मिळते, हे चार प्रश्न प्रत्येक उपक्रमाला विचारलेले आहेत. ज्यांना शेवटच्या दोहोंचे उत्तर देता येत नाही, त्यांच्या वाहवेपासून वाचकाने सावध राहावे.

वाचकाला माझी विनंती एवढीच. पुस्तक वाचून झाल्यावर आपल्या गावचा आठवडी बाजार उठताना एकदा तिथे उभे राहा. काय उचलले जाते आणि काय मागे उरते, याची यादी करा. जे उरले ते नदीचे. त्या यादीतल्या एका तरी वस्तूला पुढच्या पावसाळ्याआधी भाव मिळवून देता आला, तर ते काम समुद्राच्या कामी आले असे समजावे.